‘परम’ पुन्हा उभा राहतो आहे, पण कोणाच्या चिपवर?

अकोला जिल्ह्यात मुरंबा नावाचे गाव आहे. पुण्यामुंबईच्या माणसाला हे नाव सांगितले की आधी हसू येते आणि मग बरणी आठवते. पण भारताच्या पहिल्या महासंगणकाचे सूत्रधार डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली याच गावात झाला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयात अभियांत्रिकी, पुढे बडोदा, मग दिल्लीची आयआयटी, असा त्यांचा प्रवास. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि तीन वर्षांत, १९९१ साली, ‘परम ८०००’ हा संगणक तिने देशासमोर ठेवला. वऱ्हाडाच्या मातीतला माणूस म्हणून आपल्याला त्याचा अभिमान आहे, आणि तो असावाही. मात्र अभिमानाच्या भाषणांत एक प्रश्न नेहमी मागे पडतो. हा परम ज्या चिपवर चालत होता त्या चिपचे पुढे काय झाले?

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याचे कारण आहे. मधल्या काळात क्षीण झालेली परमची परंपरा सरकारने २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन मिशनमधून नव्याने उभी करायला घेतली. साडेचार हजार कोटी रुपये, सात वर्षांची मुदत आणि सत्तरच्या वर यंत्रे, असा तो मूळ संकल्प होता. २०१९ मध्ये वाराणसीला ‘परम शिवाय’ बसला, पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्मा’, मग २०२० मध्ये ‘परम सिद्धी’. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांचे लोकार्पण झाले. त्यासाठी पंतप्रधान पुण्यात यायचे होते, पण त्या दिवशी पुण्यात इतका पाऊस झाला की दौरा रद्द करून दूरदृश्य पद्धतीने कार्यक्रम उरकावा लागला. त्याच कार्यक्रमात हवामानाच्या अंदाजासाठी घेतलेल्या महासंगणकांचेही लोकार्पण होते. पावसालाही विनोदबुद्धी असते म्हणायची.

नाव तेच, घराणे तेच. आत बसणारा प्रोसेसर कोणाचा, हाच खरा निर्णय आहे. आणि तो नीट समजायचा तर तीसपस्तीस वर्षे मागे जायला हवे.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकात महासंगणक म्हणजे अमेरिकेची क्रे कंपनी, असे समीकरण होते. भारताला हवे होते तेवढ्या ताकदीचे यंत्र अमेरिकेने दिले नाही. अणुबॉम्ब आणि क्षेपणास्त्रांसाठी त्याचा उपयोग होईल, हा संशय. पुष्कळ घासाघीस झाल्यावर एक लहान क्रे मिळाला, तोही फक्त हवामानाच्या कामासाठी आणि अटींच्या दाव्याला बांधून. तेव्हा आपणच का करू नये, या ईर्षेतून सी-डॅक जन्मली. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’ आणि बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा ‘फ्लोसॉल्व्हर’ ही त्याच ईर्षेची दुसरी अपत्ये.

क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर आपल्याला बनवता येणार नव्हता. म्हणून सी-डॅकने रस्ता बदलला. कापसाच्या वेचणीचे उदाहरण घ्या. एक बाई कितीही चपळ असली तरी वीस एकर एका दिवसात वेचणार नाही. साठ बाया लावल्या, प्रत्येकीला आपापले तास वाटून दिले, तर वावर संध्याकाळपर्यंत मोकळे होते. महासंगणकातही तेच. साधेच पण पुष्कळ प्रोसेसर घ्यायचे आणि काम वाटून द्यायचे. याला समांतर संगणन म्हणतात. परम हे नाव ‘पॅरलल मशीन’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले, आणि संस्कृतात त्याचा अर्थ सर्वोच्च. नाव ठेवणाऱ्याची दाद द्यायला हवी.

वेचणीत आणि संगणनात एक फरक मात्र आहे. वेचणाऱ्या बायांना एकमेकींशी बोलावे लागत नाही (त्या बोलतात, ती गोष्ट वेगळी). हवामानाच्या गणितात एका तुकड्याचा वारा शेजारच्या तुकड्यात शिरतो. प्रत्येक प्रोसेसरला पावलोपावली धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला विचारावे लागते, तुझ्याकडे काय चालले आहे? प्रोसेसर कितीही वेगवान असला आणि ही विचारपूस मंद असली, की सगळे हात बांधून उभे राहतात.

इथेच ट्रान्सप्युटर नावाच्या चिपने सी-डॅकचे मन जिंकले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलची इन्मॉस कंपनी ती बनवी. एकाच चिपवर प्रोसेसर, थोडी स्मृती आणि चार जोडदारे. चारही बाजूंना दारे असलेली खोली समजा. अशा खोल्या एकमेकींना लावत जायचे की हवा तेवढा मोठा वाडा. काय सुंदर कल्पना होती ती! ‘परम ८०००’ चौसष्ट ट्रान्सप्युटरांवर सुरू झाला आणि अडीचशेच्या वर नेता येई. सेकंदाला सुमारे अब्जभर गणिते ही त्याची कमाल. आज खिशातला मोबाईल त्याहून कितीतरी पट जास्त करतो, पण १९९१ मध्ये ती आकाशाला गवसणी होती. हा संगणक मॉस्कोलाही गेला.

मग ट्रान्सप्युटरचे काय झाले? इन्मॉस ही ब्रिटिश सरकारच्या पैशाने १९७८ मध्ये निघालेली कंपनी. १९८४ मध्ये ती थॉर्न ईएमआयला विकली गेली, १९८९ मध्ये फ्रेंच-इटालियन एसजीएस-थॉमसनकडे गेली. पुढची पिढी टी-९००० या नावाने १९९१ मध्ये जाहीर झाली. आज येते, उद्या येते करता करता ती लांबली, सांगितलेला वेग तिला गाठता आला नाही आणि तोवर अमेरिकन प्रोसेसर पुढे निघून गेले. ट्रान्सप्युटरचा वंश तिथेच बुडाला. ज्या चिपभोवती परमची सारी रचना गुंफलेली, ती चिपच वाढेनाशी झाली.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात घालवली. ट्रॅक्टरच्या कर्जाचा अर्ज आला की ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा हे शेतकरी कौतुकाने सांगे. आम्ही विचारायचो, तालुक्याला याचा मिस्त्री आहे का? सुटे भाग कुठे मिळतात? कंपनी आणखी दहा वर्षे टिकेल का? नांगरटीच्या ऐन हंगामात शंभर रुपयांच्या भागासाठी ट्रॅक्टर कोठ्यात उभा राहिला तर हप्ता कशातून फेडणार? ट्रान्सप्युटर हा असा देखणा ट्रॅक्टर होता, ज्याचे सुटे भाग जगात एकाच दुकानात मिळत.

पुण्याच्या मंडळींच्या शहाणपणाची खरी कसोटी इथे लागली आणि ती उतरली, असे माझे मत आहे. ‘परम ८०००’चे कौतुक सगळे करतात, मला त्यानंतरचा ‘परम ९०००’ अधिक मोलाचा वाटतो. १९९४ च्या त्या यंत्रात सी-डॅकने ट्रान्सप्युटरशी लग्न मोडले आणि दुसऱ्या कोणाशीही लावले नाही. सांगाडा खुला ठेवला. सन कंपनीचे स्पार्क प्रोसेसर घाला नाहीतर डेकचे अल्फा घाला, यंत्र चालले पाहिजे. १९९८ चा ‘परम १००००’ स्पार्कवर, २००२ चा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर, २००८ चा ‘परम युवा’ इंटेलच्या झिऑनवर. आतला बैल बदलत गेला, गाडी तीच राहिली. ती राहिली कारण प्रोसेसरांना जोडणारे जाळे आणि काम वाटून देणाऱ्या आज्ञावल्या सी-डॅकने स्वतःच्या हातात ठेवल्या होत्या. ‘परमनेट’ हे जोडणारे जाळे घरचे होते.

जगात अशाच एका जुन्या घराण्याची दुसरी गोष्ट घडली. कमोडोर कंपनीचा अमिगा हा १९८५ सालचा संगणक. चित्रे आणि आवाज यांत तो काळाच्या इतका पुढे होता की त्याचे भक्त अजून त्याची आठवण काढतात. एप्रिल १९९४ मध्ये कंपनी बुडाली. भक्तांनी अमिगा पुन्हा उभा करायचे ठरवले. मूळ यंत्रातली मोटोरोलाची चिप जुनी झालेली, तेव्हा नवी कोणती घ्यायची यावर वर्षानुवर्षे वाद. अखेर एका शाखेने पॉवरपीसी प्रोसेसर निवडला, कारण अॅपलची यंत्रे त्यावरच चालत होती. जून २००५ मध्ये अॅपलनेच पॉवरपीसी सोडून इंटेलकडे जात असल्याचे जाहीर केले. अमिगाची मंडळी घाटात एसटीतून उतरलेल्या प्रवाशासारखी मधेच उभी राहिली. यंत्रे अजूनही निघतात, पण मोजकी आणि महाग.

याच्या उलट गोष्ट एकॉर्न या लहानशा इंग्रजी कंपनीची. तिचा बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या पन्नाशीतल्या काही वाचकांनी शाळेत पाहिला असेल, कारण १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना काढली ती याच यंत्रावर. ते यंत्र गेले, कंपनीही गेली. पण पुढच्या संगणकासाठी चांगली चिप मिळेना म्हणून त्यांनी १९८५ मध्ये स्वतःच एक साधी, कमी वीज खाणारी चिप आखली. तिचे नाव आर्म. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आज त्याच कुळातला प्रोसेसर आहे. एकॉर्नची जुनी संगणक प्रणालीही ‘रास्पबेरी पाय’ या हातावर मावणाऱ्या स्वस्त संगणकावर सुखाने चालते, कारण त्यातही आर्मच आहे. मेलेले घराणे जिवंत झाले ते ज्या चिपचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात तिच्या आधाराने.

आता पुण्याकडे परत येऊ. परमसमोर आज तीन वाटा आहेत.

पहिली, तयार यंत्र विकत घेणे. ही वाट आपल्याला अंगवळणी पडली आहे. ज्या क्रेसाठी आपल्याला ताटकळत ठेवले, त्याच कंपनीची यंत्रे आपण २०१८ मध्ये हवामानासाठी घेतली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतला ‘प्रत्यूष’ आणि नोएडाचा ‘मिहिर’ ती ही. २०२४ चे ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ फ्रेंच कंपनीकडून आले. नावे संस्कृत, आतला ऐवज परका. यात कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही, कारण या यंत्रांचा उपयोग थेट आपल्या बांधापर्यंत येतो.

मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. पूर्वी अंदाजासाठी देशावर बारा किलोमीटरच्या चौकटींची जाळी टाकत, आता सहा किलोमीटरची टाकतात. बुलढाणा जिल्हा साधारण ९,६६० चौरस किलोमीटरचा. म्हणजे पूर्वी आपल्या वाट्याला सदुसष्टच्या आसपास चौकटी होत्या, आता अडीचशेच्या वर आल्या. आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट इतरांपेक्षा जास्त कळावी. घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार वेगळे आणि घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव वेगळे. चिखलीत सोयाबीनला पाणी मिळते तेव्हा नांदुऱ्याच्या कपाशीवर धूळ बसलेली असते, आणि जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद-संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पुराने हाहाकार केला तसा पाऊस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पडत नाही. बारा किलोमीटरच्या चौकटीत घाट आणि घाटाचा पायथा एकत्र कालवला जाई. पण चौकट निम्मी केली की गणित दुप्पट होत नाही. चौकटी चौपट होतात, वर वेळेची पावलेही लहान टाकावी लागतात, म्हणजे काम निदान आठपट. उद्या कोणी तीन किलोमीटरची जाळी मागेल, तर आणखी आठपट. हा खड्डा कधी भरणारा नाही. दर वेळी परदेशी दुकानात जायचे, तर दुकानदार कधीतरी शटर ओढेल, हे आपण एकदा पाहिले आहे.

दुसरी वाट ‘परम रुद्र’ची. सर्व्हरचा फलक आणि त्याची रचना सी-डॅकची, ‘त्रिनेत्र’ हे जोडणारे जाळे सी-डॅकचे, प्रोसेसर इंटेलचा. ‘परम ९०००’च्या विचाराला धरून जाणारी ही वाट आहे आणि ती मला भरवशाची वाटते.

तिसरी वाट स्वतःच्या प्रोसेसरची, आणि तिला पुन्हा दोन फाटे आहेत. सी-डॅकने ‘ओम’ नावाच्या प्रोसेसरची आखणी जाहीर केली आहे. त्यात शहाण्णव गाभे आहेत आणि ते आर्म कंपनीच्या परवान्याचे, म्हणजे शेत आपले पण विहिरीचे पाणी ठरावाने घेतलेले. दुसरा फाटा ‘रिस्क-फाइव्ह’चा. प्रोसेसरला काम कोणत्या शब्दांत सांगायचे त्याची एक भाषा असते. इंटेलची भाषा इंटेलच्या मालकीची, आर्मची आर्मच्या. रिस्क-फाइव्ह ही अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेली, कोणालाही वापरायला मोकळी असलेली भाषा आहे. तिच्यावर मद्रास आयआयटीने ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या तिरुअनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ हे प्रोसेसर केले. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमही काढला.

मोकळी भाषा म्हणजे फुकटचा प्रोसेसर नव्हे, हे मात्र उत्साहाच्या भरात विसरले जाते. मराठी कोणाच्या मालकीची नाही म्हणून प्रत्येकाला कादंबरी लिहिता येते असे थोडेच आहे? (या बाबतीत मी जरा अनुभवाने बोलतो.) महासंगणकाला लागेल एवढ्या ताकदीचा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर घरात तयार व्हायला वेळ लागेल. शिवाय प्रोसेसर आखणे एक आणि तो घडवणे दुसरे. आपल्याकडे मोहालीला सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स हा सरकारी चिप कारखाना होता. १९८९ मध्ये तो आगीत जळाला आणि त्यासोबत एका पिढीची उमेद जळाली. तो पुन्हा उभा राहिला, २०२५ मध्ये तिथे घडलेला ‘विक्रम’ हा अवकाशयानांसाठीचा प्रोसेसर देशासमोर आला. पण महासंगणकाला लागणाऱ्या बारीक चिपा घडवायला अजून तैवानकडेच पाहावे लागते.

माझे मत विचाराल तर, महासंगणकाने रिस्क-फाइव्हची वाट पाहत बसू नये. आज जो उत्तम प्रोसेसर मिळेल तो घ्यावा, ‘ओम’ आला तर तो बसवावा, पण जाळे, फलक आणि आज्ञावल्या घरच्याच ठेवाव्यात आणि त्या एका प्रोसेसरच्या भाषेत अडकू देऊ नयेत. ‘शक्ती’ आणि ‘वेगा’ यांना मात्र आजच लहान यंत्रांत जुंपावे. विजेचे मीटर, ओलितावरच्या पंपाचे नियंत्रक, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा. शेगावला संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. तिथल्या मुलाने पहिला धडा घरच्या प्रोसेसरवर गिरवला, तर दहा वर्षांनी पुण्याला त्याच्यासारखी माणसे मिळतील. आर्म मोठी झाली ती महासंगणकातून नव्हे, लहान यंत्रांतून, हे विसरू नये.

आणखी एका गोष्टीकडे हिशेबनीस म्हणून माझे लक्ष जाते. परमच्या तारखा ओळीने मांडून पाहा. १९९१, १९९४, १९९८ पर्यंत तीन-चार वर्षांनी नवे यंत्र येई. मग २००२, पुढचे २००८, त्यापुढचे ‘युवा-दोन’ २०१३, आणि पुढे २०१९ चे ‘परम शिवाय’. महासंगणक पाच-सहा वर्षांत म्हातारा होतो. त्याची वीज आणि थंडावा यांचा खर्च नव्या यंत्रापेक्षा जड होऊ लागतो. इतक्या अंतराने यंत्र आले की नुसते यंत्र जुने होत नाही. ज्यांनी ते जोडले ती मुले मधल्या काळात बंगळूरला किंवा कॅलिफोर्नियाला निघून जातात आणि पुढच्या वेळी जाळ्याची पहिली गाठ पुन्हा नवशिक्याला मारावी लागते. ट्रान्सप्युटर बुडाल्याने परम बुडाला नाही, कारण तेव्हा ती माणसे जागेवर होती आणि तीन वर्षांत नवे यंत्र करायला मोकळी होती. चिपच्या निवडीवर जेवढी चर्चा झडते तिच्या चौथाई चर्चाही या अंतरावर होत नाही.

बँकेत यंत्र विकत घेतले की पहिल्याच वर्षापासून त्याचा घसारा धरतात. पुढचे यंत्र कधी घ्यायचे याचा तो हिशेब असतो. ‘परम रुद्र’च्या तीन यंत्रांना मिळून सुमारे एकशे तीस कोटी रुपये लागले, असे लोकार्पणाच्या वेळी सांगण्यात आले. त्यांच्या जागी येणाऱ्या यंत्रांचा घसारा कोणत्या शीर्षाखाली धरला आहे, हे अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या खासदारांनी विचारायला हरकत नाही. वाराणसीचा ‘परम शिवाय’ २०१९ चा आहे. यंत्राच्या हिशेबाने त्याचे वय झाले, आणि त्याच्या जागी काय यायचे त्याची कागदपत्रे एव्हाना कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी आलेली असायला हवीत.